आडावर रांग नव्हती

प्रिय दोस्ता,
सप्रेम जय भीम.

गेल्या रविवारी बैठकीत तू ठराव वाचलास. जाहीरनाम्यात समलिंगी जोडप्यांच्या हक्कांची एक ओळ यावी, एवढंच तुझं म्हणणं होतं. ज्येष्ठांपैकी एक जण म्हणाले, "आधी जमिनीचे, मजुरीचे प्रश्न मार्गी लागू दे, मग तुमची पाळी." दोन-तीन माना डोलल्या. तू कागदाची घडी घालून खिशात ठेवलीस. मी तिथंच भिंतीला टेकून बसलो होतो आणि गप्प राहिलो. ती घडी आठवडाभर डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून हे पत्र.

माझी आजी पाण्याला जायची, ते तुला कधी सांगितलं नाही. आमच्या गावात एक आड होता. महारवाड्यातल्या बाईनं त्याला हात लावायचा नाही. आजी कट्ट्यापासून लांब, उन्हात घागर घेऊन बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना "माय, थोडं पाणी वाढा" म्हणत राहायची. एखादीला कीव आली, तिला सवडही असली, तर ती पोहऱ्यातून उंचावरून ओतायची. अर्धं घागरीत, अर्धं मातीत. कधी कधी दुपार व्हायची. लहानपणी मला वाटायचं, आजीचा नंबर उशिरा लागतो. मोठेपणी कळलं की तिला नंबरच नव्हता. तिच्या मागून आलेली प्रत्येक बाई तिच्या आधी पाणी शेंदून घरी जायची. रांगेतल्या माणसाची पाळी कधीतरी येते. आजी रांगेत नव्हतीच. म्हणून "मग तुमची पाळी" हे शब्द ऐकले की मी आधी रांग शोधतो.

असा सल्ला देणारे सगळे वाईट असतात असं नाही. १८९५ साली पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. तोवर समाजसुधारणेचे प्रश्न मांडणारी सामाजिक परिषद त्याच मंडपात भरायची. त्या वर्षी टिळकपक्षानं विरोध केला. सुधारणांचा विषय काढला तर लोक फुटतील, आधी राजकीय हक्क, असं त्यांचं म्हणणं. न्यायमूर्ती रानड्यांनी भांडण नको म्हणून परिषद दुसरीकडे नेली. तिथून स्वातंत्र्य यायला बावन्न वर्षं लागली. स्वातंत्र्य आलं, आणि माझी आजी आडापाशी तशीच बसलेली होती.

महाडचं तुला ठाऊक आहे, पण त्यातल्या तारखा नीट बघ. रावबहादूर बोल्यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेनंही १९२४ साली तसा ठराव केला. म्हणजे चवदार तळं कागदावर मोकळं झालेलं होतं! तरी तीन वर्षं त्या पाण्याला हात लावायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतची माणसं तळ्यावर गेली, ओंजळीनं पाणी प्यायली. त्यांच्यावर हल्ले झाले, तळं 'शुद्ध' करून घेण्यात आलं आणि त्याच ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. थांबून मिळालेलं असं जातं. उच्च न्यायालयाचा निकाल मार्च १९३७ मध्ये आपल्या बाजूनं लागला, तो ओंजळ भरणाऱ्यांनी पुढची दहा वर्षं खटला सोडला नाही म्हणून.

मी स्वतः ज्या थांबण्यात वाढलो ते नामांतराचं, म्हणजे मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव केला तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. मग मराठवाड्यात वस्त्या जळाल्या आणि आम्हाला ऐकवलं गेलं, वातावरण निवळू द्या. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तेव्हा माझी मुलगी शाळेत जात होती. साडेपंधरा वर्षांत वातावरण आपोआप निवळलेलं मी पाहिलं नाही. मोर्चे निघत राहिले, माणसं तुरुंगात गेली, काहींनी जीव दिला. त्यांची नावं घेताना आजही माझा आवाज नीट राहत नाही.

तुमच्या लढ्यात तर थांबा म्हणणारं सर्वोच्च न्यायालयच होतं. दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ साली समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून तुमची सुटका केली, आणि ११ डिसेंबर २०१३ ला ती परत गेली. तुम्ही संख्येनं अत्यल्प आहात, दीडशे वर्षांत दोनशेहून कमी लोकांवर खटले झाले, असं त्या निकालात आहे. हक्क मोजायला डोकी कशाला लागतात? आमच्या गावात महारवाडा म्हणजे पंधरा घरं होती. ६ सप्टेंबर २०१८ ला तेच कलम तुमच्यापुरतं निष्प्रभ झालं, कारण २०१३ नंतर माणसं घरी बसली नाहीत. लग्नाचा प्रश्न ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयानं संसदेकडे ढकलला आहे, म्हणजे पुन्हा 'मग'.

एक मात्र सांगतो. थांबणं दर वेळी चूक नसतं. डिसेंबर १९२७ मध्ये हजारो लोक महाडला जमले, पण न्यायालयाची मनाई आधीच आलेली होती, म्हणून बाबासाहेबांनी पाण्यावर जाणं तहकूब केलं. पण तो निर्णय तहानलेल्यांनी घेतला, आणि लढत राहण्यासाठी घेतला. तू दमलास, घरी अजून सांगितलं नाहीस, नोकरीची भीती आहे, तर खुशाल थांब. कुणाला उत्तर देऊ नकोस. दुसऱ्यानं त्याच्या सोयीनं तुला थांबवलं, तर मात्र विचार की 'मग' म्हणजे कोणती तारीख. ती इतिवृत्तात लिहून घे.

आणि मजुरीचा मुद्दा काढतील तेव्हा गडबडू नकोस. तुझी ओळ आली म्हणून कुणाची मजुरी एका रुपयानं कमी होत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीतही तुझ्यासारखी पोरं असतात. ती तिथं तोंड उघडत नाहीत, इतकंच.

रविवारी मी बोलायला हवं होतं. माझ्या आजीच्या बाजूला बसायचं सोडून मी कट्ट्यावर बसलो, याची मला लाज वाटते.

पुढची बैठक महिनाअखेरीस आहे. कागद तोच ठेव, शब्द मवाळ करू नकोस. सूचक तू, अनुमोदक म्हणून माझं नाव आत्ताच लिहून टाक.

तुझा,
काका