घरात तेलुगू, शाळेत इंग्रजी: मुलगी कन्फ्युज होईल का?

प्रश्न: मी मराठी, सासर तेलुगू, राहायला सोलापुरात अशोक चौकाजवळ. मुलगी साडेचार वर्षांची, इंग्लिश मीडियमला. एकाच वाक्यात तिन्ही भाषा घालते. टीचर म्हणतात घरात तेलुगू बंद करा, तिचा गोंधळ होतोय. सासूबाईंना हे कसं सांगू? – एक आई

उत्तर: ताई, सासूबाईंना काहीच सांगू नका आणि तेलुगू तर अजिबात बंद करू नका. लहान मुलांना ज्या भाषेतला शब्द पटकन आठवतो तो ती घेतात, दोन-तीन भाषांच्या घरात हे सगळीकडे होतं आणि वयाबरोबर कमीही होतं. जरा लक्ष देऊन बघा, नानम्माशी, म्हणजे तेलुगू आजीशी, बोलताना तिचं तेलुगू जास्त असेल आणि तुमच्याकडे वळली की मराठी, म्हणजे कोणाशी काय बोलायचं हे तिला बरोबर कळतंय. नुसत्या इंग्रजीतले शब्द मोजले तर ती वर्गात मागे वाटेल, पण तिन्ही भाषांतले मिळून मोजा ना! शाळा एकच पारडं बघते याचं मला खरंच वाईट वाटतं. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलतं हाही गैरसमज आहे, एकूण बोलणंच कमी वाटत असेल तर कान तपासून घ्या, स्पीच थेरपिस्टला दाखवा.

फायदा म्हणाल तर हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूट या हॉस्पिटलमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या, म्हणजे म्हातारपणीच्या विसराळूपणाच्या आजाराच्या, ६४८ पेशंटचा अभ्यास केला, २०१३ साली तो छापून आला. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांना हा आजार साधारण साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, आणि कधी शाळेत न गेलेल्यांमध्येही फरक होता. तेलुगू, दख्खनी उर्दू, हिंदी बोलणारी ही माणसं, म्हणजे आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्यासारखीच. आता सगळ्याच अभ्यासांत एवढा फरक दिसलेला नाही, त्यामुळे भाषा शिकली की विसराळूपणा येणारच नाही असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर ऐकू नका.

पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती नानम्माची. आज तेलुगू तोडलं तर पुढं नात आणि आजी एकाच घरात राहून जेवलीस का, झोपलीस का एवढंच बोलतील, बतुकम्माच्या, म्हणजे तेलुगू बायकांच्या फुलांच्या सणाच्या, दिवसांत सगळ्या बायका गाणी म्हणतील आणि ही नुसती टाळ्या वाजवत फिरेल. उलट तुम्हीच तिच्याबरोबर शिका, सासूबाई किती खूश होतील बघा.

प्रश्न: चाटी गल्लीत कापड दुकान आहे, वय ५६. अक्कलकोट, इंडी, अफझलपूरकडचं गिऱ्हाईक येतं. कन्नड समजतं पण बोलायला तोंड उघडत नाही. आता या वयात जमेल का?

उत्तर: काका, समजतं म्हणजे अर्धं काम झालंय की! उच्चारात मराठी वळण राहील, राहू दे, शब्द आणि वाक्यं कुठल्याही वयात येतात. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले तेव्हा शिकून डॉक्टर झालेले होते, तिथं जाऊन चिनी शिकले आणि त्याच भाषेत तिथल्या विद्यार्थ्यांना सर्जरी शिकवली, तीही युद्ध चालू असताना. गरज समोर उभी असली की भाषा येते, आणि तुमची गरज तर रोज काउंटरवर येऊन बसते.

पुस्तक नंतर, आधी दुकानातलं घ्या. गिऱ्हाईक आलं की बर्री, कुंद्री (या, बसा) म्हणायचं आणि भाव कन्नडमध्येच सांगायचा, नूर, इन्नूर, मुन्नूर, ऐनूर (शंभर, दोनशे, तीनशे, पाचशे), हे आकडे तोंडात बसले की घासाघीस आपोआप सुरू होते. लोक तुमचं अडखळणं बघून लगेच मराठीवर येतील, तिथंच शिकणं थांबतं, तेव्हा तुम्ही कन्नड सोडू नका. कोणी कन्नड बोलणारा कामाला असेल तर दुकान उघडल्यापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्याशी कन्नडच बोल असं त्याला सांगून ठेवा. लिपीची घाई नको, बोलणं सुटलं की स्टँडवर कर्नाटकच्या गाड्यांच्या पाट्यांपासून वाचायला सुरुवात करा.