राजवट गेल्यावर मागायचं ते काय: न्याय, हिशेब की जाब?

कोथरूडच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांच्या मित्रमंडळाने सीरियावर व्याख्यान ठेवलंय. त्याचं मराठी पत्रक लिहिताना ‘ट्रान्झिशनल जस्टिस’पाशी गाडी अडली. ‘संक्रमणकालीन न्याय’ असा शब्द त्यांना सापडला, पण घरात वाचून दाखवल्यावर मुलीने विचारलं, ‘म्हणजे कोविडच्या काळातला न्याय का?’ दुसरा चांगला शब्द आहे का, आणि तिथले लोक जे मागतायत त्याला ‘न्यायाची मागणी’ म्हटलं की पुरतं का, असं त्यांनी विचारलंय.

मुलीच्या शंकेचं उत्तर सोपं आहे. मराठीत रोगाचा संसर्ग होतो. रोगाला ‘संक्रमण’ म्हणणं हिंदीतून आलं आणि २०२० पासून बातम्यांमुळे जास्तच रुळलं. आपल्याकडे संक्रमण म्हणजे एकातून दुसऱ्यात जाणं. सूर्य मकरेत जातो ते मकरसंक्रमण. ‘संक्रमणकाळ’ हा शब्दही मराठी लेखनात जुना आहे. हिंदी बातम्यांपायी तो टाकून द्यायचं काही कारण नाही.

माझी अडचण ‘कालीन’ची आहे. ‘संक्रमणकालीन न्याय’ वाचलं की हंगामी सरकार, अंतरिम जामीन यांच्या रांगेतलं काहीतरी वाटतं, म्हणजे खरा न्याय नंतर, तोवर हा चालवून घ्या. अर्थ तसा नाही. जुलमी राजवट कोसळल्यावर किंवा यादवी थांबल्यावर, आधीच्या अत्याचारांचं काय करायचं हे ठरवणारी सगळी खटपट त्यात येते: खटले, सत्यशोधन, पीडितांना भरपाई, पोलीस-लष्कर-न्यायालयांची झाडाझडती. तेव्हा पत्रकात शब्द हाच ठेवा, पण पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात त्याची फोड करा. ‘सत्तांतरोत्तर न्याय’ हा पर्याय मला पटत नाही. उच्चारताना जीभ अडखळते ते एक, आणि सत्तांतर आपल्याकडे साध्या निवडणुकीनेही होतं. सीरियाचे हुकूमशहा बशर अल-असद यांची सत्ता ८ डिसेंबर २०२४ ला गेली ते सत्तांतर नव्हे. तिथे राजवट उलथली.

गंमत म्हणजे अरबी भाषिकांनाही हा शब्द सांभाळूनच वापरावा लागतो. तिकडे ‘अदाला इन्तिकालिया’ म्हणतात, अदाला म्हणजे न्याय. इन्तिकाल म्हणजे स्थलांतर, स्थित्यंतर (उर्दूत त्याचाच इंतकाल होऊन माणूस वारतो). एक अक्षर बदललं की होतं ‘इन्तिकामिया’, म्हणजे सूडाचा. ‘इन्तिकालिया हवा, इन्तिकामिया नको’ ही शब्दांची जोडी सीरियातल्या चर्चेत म्हणूनच ऐकू येते.

आता दुसरा प्रश्न, आणि मला विचाराल तर महत्त्वाचा हाच. ‘न्याय हवा’ म्हटलं की मराठीत बोलणं तिथेच संपतं. न्याय कुणीतरी देतो, आपल्याला तो मिळतो, आणि मागणारा हात पसरून उभा राहतो. राजवट पडल्यावर रस्त्यावर आलेली माणसं यापेक्षा कितीतरी नेमकं बोलत असतात. असद राजवटीच्या सैदनाया इथल्या कुप्रसिद्ध तुरुंगाची दारं उघडली तेव्हा लोक आत धावले ते आपल्या माणसाचं नाव कुठल्या कागदावर सापडतंय का ते बघायला. त्यांची पहिली मागणी होती: आमचं माणूस कुठे आहे ते सांगा. मे २०२५ मध्ये तिथल्या नव्या सरकारने संक्रमणकालीन न्यायासाठी एक आणि हरवलेल्यांच्या शोधासाठी एक, असे दोन वेगळे आयोग नेमले. मागण्याही दोन होत्या.

आणि हे ‘हरवलेले’ किंवा ‘बेपत्ता’ शब्द जरा जपून. आपल्या बातमीत वाक्य असं येतं: ‘लष्करी राजवटीच्या काळात अर्जेंटिनात हजारो नागरिक बेपत्ता झाले.’ वाचून वाटेल, पर्वतीवर फिरायला गेले आणि वाट चुकले. १९७७ पासून ब्यूनोस आयरेसच्या प्लाझा दे मायो चौकात डोक्याला पांढरे रुमाल बांधून दर गुरुवारी फेऱ्या मारणाऱ्या आयांचं म्हणणं नेमकं उलटं होतं: मुलं हरवली नाहीत, उचलून नेली. राजवट गेल्यावर नेमलेल्या आयोगाने १९८४ मध्ये अशी सुमारे नऊ हजार प्रकरणं नोंदवली, आणि १९८५ मध्ये लष्करशहा व्हिडेला यांना जन्मठेप झाली. मराठीला इथे अडायचं कारणच नाही, आपल्याकडे ‘गायब होणे’च्या शेजारीच ‘गायब करणे’ बसलेलं आहे. वाक्य करा: ‘लष्कराने हजारो नागरिकांना गायब केलं.’ कर्ता वाक्यात आला की अर्धी मागणी तिथेच मांडून होते. बांगलादेशातले लोकही ‘गुम होणं’ आणि ‘गुम करणं’ असा फरक करतात. ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना यांची सत्ता गेल्यावर गुम केलेल्यांच्या चौकशीसाठी तिथे आयोग नेमला गेला. बंगालीत ‘बिचार चाई’ अशी घोषणा असते. तिथे विचार म्हणजे खटला, निवाडा. तिचं ‘आम्हाला विचार हवा’ असं भाषांतर कुणी केलेलं माझ्या पाहण्यात नाही, पण पुण्यात तीही सोय होईल.

‘हिशेब’ हा शब्द फार ओढ लावतो, पण त्यात मेख आहे. ‘हिशेब द्या’ म्हणजे उत्तरदायित्व, आणि ‘हिशेब चुकता करू’ म्हणजे सरळ सूड. क्रियापद बदललं की माणूस कोर्टातून थेट गल्लीत. वचपा काढणे, उट्टे काढणे हेही त्याच गल्लीतले. पुण्याला ती गल्ली ठाऊक आहे. १७९१ मध्ये कोतवाल घाशीरामाच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेल्यावर जमावाने दाद मागितली, आणि शेवटी घाशीराम जमावाच्या हवाली झाला. दगडांनी त्याचा निकाल लागला. चौकशीअभावी कोठडीबद्दल आणखी काय बाहेर यायचं ते राहूनच गेलं.

म्हणून माझा कौल ‘जाब’ला. जाब, जबाब, जवाब हे तिघे एकाच अरबी शब्दाचे वंशज, पण मराठीने त्यांना वेगवेगळी कामं वाटून दिली. जबाब पोलीस चौकीत नोंदवतात. जाब मात्र विचारायचा असतो, आणि तो ज्याच्या हातात अधिकार होता त्याला विचारायचा. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधल्या खुनाबद्दल रामशास्त्र्यांनी राघोबादादांना जाब विचारला, हे वाक्य मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तिथे ‘रामशास्त्र्यांनी उत्तरदायित्व निश्चित केले’ असं लिहून बघा.

पत्रकात दक्षिण आफ्रिकेचा उल्लेख असेलच. वर्णद्वेषी राजवटीतल्या अत्याचारांसाठी तिथे नेमलेल्या आयोगाला ‘सत्य व सलोखा आयोग’ म्हणा, ‘समेट’ नको. समेट देवघेवीतून होतो, भाऊबंदकीतसुद्धा. त्याहून घोटाळ्याचा शब्द ‘माफी’, म्हणजे तिथे गुन्हेगारांना खटल्यातून मिळालेल्या सुटकेसाठी (‘ॲम्नेस्टी’साठी) आपण वापरतो तो. आपण माफी मागतोही आणि देतोही, त्यामुळे वाचकाला वाटतं की गुन्हेगारांनी क्षमा मागितली आणि आयोगाने ती दिली. तिथल्या कायद्यात पश्चात्तापाची अट नव्हती. गुन्हा राजकीय हेतूचा असावा आणि घडलं ते सगळं सांगावं, एवढंच होतं. सात हजारांवर अर्ज आले, मान्य झाले ८४९. याला ‘अभय’ म्हणा. आपल्या कोर्टातला ‘माफीचा साक्षीदार’ त्याचा जवळचा नातेवाईक.

‘भरपाई’च्या जागी ‘मानधन’ही घुसवू नका. आणीबाणीत येरवड्यासारख्या तुरुंगांत राहिलेल्या मिसाबंदींना (म्हणजे ‘मिसा’ कायद्याखाली खटल्याविना डांबलेल्यांना) महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये मानधन सुरू केलं, २०२० मध्ये ते थांबलं, २०२२ मध्ये परत आलं. मानधनात माणसाचा मान राहतो, पण सरकार चुकलं होतं अशी कबुली त्यात येत नाही. ती भरपाईत असते. त्या कबुलीच्या सर्वांत जवळ आपण आणीबाणीतल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी १९७७ मध्ये नेमलेल्या शहा आयोगापर्यंत पोहोचलो होतो. चौकशी आयोगाला शिक्षा देता येत नाही. त्या गुन्ह्यांचे खटले चालवायला १९७९ मध्ये विशेष न्यायालयांचा कायदा झाला, पण १९८० मध्ये इंदिरा गांधीच परत आल्या आणि विषय मिटला.

जुन्या राजवटीच्या हस्तकांना पदांपासून दूर ठेवण्याला चेकोस्लोव्हाकियाच्या १९९१ च्या कायद्यापासून ‘लस्ट्रेशन’ म्हणतात. मुळात त्याचा अर्थ शुद्धीकरण, पण आपल्याकडे त्या शब्दाला वेगळाच वास आहे. ‘पदबंदी’ चालेल. ‘चारित्र्य पडताळणी’ नको, नाहीतर लोक पासपोर्टचे कागद घेऊन व्याख्यानाला येतील.

मथळ्यासाठी माझी सूचना: ‘राजवट कोसळली, जाब कोण देणार?’ आणि त्याखाली बारीक अक्षरांत: सीरियातील संक्रमणकालीन न्यायाविषयी व्याख्यान. मुलीला एकदा वाचायला द्या आणि मगच छापायला टाका.