मलम वरून लावलं, तरी आत जातं

प्रश्न : माझी मुलगी सात महिन्यांची आहे. डायपरच्या जागी तिला सारखं लाल पुरळ उठायचं. माझ्या जाऊबाईंकडे त्यांच्या मुलाच्या नायट्यासाठी आणलेली ट्यूब होती. ती लावली आणि दोन दिवसांत पुरळ गेलं. बंद केलं की परत येतं, म्हणून गेले अडीच महिने रोज दोनदा लावते आहे. ट्यूबवर क्लोबेटासॉल आणि आणखी दोन औषधांची नावं आहेत. बाळ छान गुबगुबीत झालंय, गाल तर इतके भरलेत की सगळे कौतुक करतात. पण जांघेतली कातडी हल्ली पातळ, चकचकीत वाटते, आतल्या बारीक शिरा दिसतात. मलम बंद करू का?
– एक आई

उत्तर : अंक छापून येईपर्यंत थांबणं योग्य नव्हतं, म्हणून संपादकांमार्फत तुम्हाला आधीच निरोप दिला आहे : बाळाला लगेच बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि ती ट्यूब सोबत न्या. इथे सविस्तर लिहिते आहे, कारण अशी ट्यूब आणखी कुठल्यातरी घरात आत्ता वापरात असेल.

तुमच्या पत्रातल्या शिरा मला खटकल्याच, पण त्याहून जास्त खटकले ते गाल. क्लोबेटासॉल हे त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडांपैकी सर्वांत तीव्र गटातलं औषध आहे. ट्यूबवर 0.05 टक्के लिहिलेलं असतं, त्यामुळे ते सौम्य वाटतं. 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन हे दुसरं स्टेरॉइड मात्र त्याच्यापेक्षा कितीतरी सौम्य असतं. टक्क्यांवरून ताकद ओळखता येत नाही, औषधाचं नावच वाचावं लागतं. मोठ्या माणसांनाही क्लोबेटासॉल साधारणपणे सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त देत नाहीत. तान्ह्या बाळाच्या डायपरखाली तर ते लावायचंच नसतं.

का, ते सांगते. वजनाच्या मानाने सात महिन्यांच्या बाळाच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या दुपटीच्या आसपास असतं. म्हणजे तेवढ्याच जागेवर लावलेलं मलम त्या लहानशा शरीराला खूप जास्त पडतं. त्यात जांघेची कातडी मुळात पातळ आणि सदा ओलसर, आणि वरून डायपरचं प्लास्टिक. मोठ्यांच्या जाड झालेल्या कातडीत औषध खोल मुरावं म्हणून आम्ही कधीकधी मलमावर मुद्दाम प्लास्टिक गुंडाळायला सांगतो. तुमच्या बाळाच्या बाबतीत तेच रोज नकळत घडत होतं.

असं रक्तात उतरलेलं स्टेरॉइड शरीराला स्वतःच्या कॉर्टिसॉलसारखंच, म्हणजे शरीर स्वतः बनवतं त्या स्टेरॉइड संप्रेरकासारखंच वाटतं. चेहरा गोल होतो, वजन भराभर वाढतं, उंची मात्र थबकते. सगळ्यांना बाळ बाळसेदार दिसतं आणि कुणालाच शंका येत नाही. माझ्याकडे अशी बाळं येतात तेव्हा मी आधी वाढीचा तक्ता मागते. वजनाची रेघ वर चाललेली आणि उंचीची आडवी झालेली दिसली, की पहिला प्रश्न असतो : घरात कुठलं मलम लावता? पुष्कळ आया ‘औषध काहीच चालू नाही’ असं मनापासून सांगतात, कारण मलमाला कुणी औषध धरतच नाही.

आता तुमचा नेमका प्रश्न. बाहेरून इतकं स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींचं कॉर्टिसॉल बनवायचं काम मंदावतं. मलम एकदम थांबलं तर त्या लगेच जाग्या होतीलच असं नाही. ताप, जुलाब, एखादं ऑपरेशन अशा ताणाच्या वेळी शरीराला जास्तीचं कॉर्टिसॉल लागतं आणि ते मिळत नाही. म्हणून स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, आणि डॉक्टरांना न दाखवता असंच पुढे चालूही ठेवू नका. डॉक्टरांना बाळाचा रक्तदाब, उंची, सकाळच्या रक्तातलं कॉर्टिसॉल पाहू द्या, मग कसं थांबवायचं ते तेच सांगतील. मधल्या काळात बाळ फार मलूल झालं, दूध घेईना, उलट्या होऊ लागल्या, तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा आणि दारातच सांगा, की अडीच महिने तीव्र स्टेरॉइड मलम लावलं आहे. हे एक वाक्य जीव वाचवू शकतं. वेळेत लक्षात आलं तर बहुतेक बाळं पूर्ववत होतात, ग्रंथींना मात्र काही आठवडे ते महिने लागतात.

पुरळ परत का येत होतं? कारण मूळ कारण तसंच होतं. ओल, घासणं, शी-शूचा दाह यांवर कोरडं ठेवणं, डायपर वरचेवर बदलणं, दिवसातून काही वेळ उघडं ठेवणं आणि झिंक ऑक्साइडचा जाड थर एवढं बहुधा पुरतं. घडीच्या आत लाली आणि कडेला सुटे लाल ठिपके असतील तर ती बुरशी असू शकते, तिला साधं बुरशीरोधक मलम लागतं. स्टेरॉइडने लाली दबते आणि बुरशी खाली पसरत राहते. नायट्याचंही असंच होतं, तेव्हा जाऊबाईंच्या मुलालाही त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तुम्ही कातडीतला बदल पाहिला आणि विचारलं, म्हणून हे वेळीच कळलं.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलाला एक्झिमा आहे. डॉक्टरांनी दिलेल्या मलमात स्टेरॉइड आहे हे वाचल्यापासून मी ते लावलेलं नाही. तो रात्रभर खाजवतो.
– एक बाबा

उत्तर : लावा. वरचं उत्तर वाचून तुमची भीती वाढू नये म्हणूनच तुमचं पत्र याच अंकात घेतलं. त्वचेवर लावायचं हायड्रोकॉर्टिसोन 1952पासून वापरात आहे. योग्य ताकदीचं, ठरावीक दिवस वापरलं तर एक्झिमात ते मुलाला झोप परत देतं. न लावल्याने खाजवून जखमा होतात, त्यात जंतू शिरतात.

मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेलं मलम सुमारे अर्धा ग्रॅम भरतं. मोठ्यांच्या दोन तळहातांएवढ्या (बोटांसकट) कातडीला ते पुरतं. चट्टा केवढा आहे ते या मापाने मोजा. चेहऱ्यासाठी वेगळं, सौम्य मलम दिलं आहे का ते विचारा. अंगाचं मलम पापण्यांवर लावू नका. तिथली कातडी फार पातळ असते आणि दीर्घ वापराने डोळ्यातला दाब वाढू शकतो. किती दिवसांनी थांबवायचं, ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. साधं मॉइश्चरायझर मात्र भरपूर आणि रोज लावा, चट्टे गेल्यावरही.