अमेरिकेतला बंदुकीचा हक्क

प्रश्न : टेक्सासमधला माझा नातू, शाळेत कुणी बंदूकधारी शिरलाच तर म्हणून, दिवे मालवून, बाकाखाली गप्प बसण्याचा सराव करतो. तिथे कडक कायदा का होत नाही? – एक आजी, कोथरूड

उत्तर : पुण्यात शस्त्रपरवाना हवा असेल, तर पोलीस आयुक्तांना गरज पटवून द्यावी लागते. अमेरिकेत मात्र १७९१च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगणे हा हक्कच ठरवला असून, तो व्यक्तिगत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये स्पष्ट केले. सँडी हूकच्या शाळेत २०१२मध्ये गोळीबारात २० मुले मारली गेल्यानंतर, बंदुकांच्या प्रदर्शनांतील आणि ऑनलाइन विक्रीतही खरेदीदाराच्या पूर्वेतिहासाची तपासणी व्हावी हा प्रस्ताव सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, १००पैकी ५४ मते मिळूनही अडला, कारण तो पुढे नेण्यास ६० आवश्यक होती. (बहुमत हरते ते असे!) नातवाला शेजारी खेळायला पाठवताना तिथली बंदूक कुलपात असते का, हे सुनेने निःसंकोच विचारावे.