आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये रोज खूप अन्न वाया जातं. मोबाइल अ‍ॅप काढलं तर ते कमी होईल का?

होईल, पण अ‍ॅपकडून एकच काम नीट करून घ्या: उद्या किती जण जेवायला नाहीत, हे आचाऱ्याला वेळेवर कळवणं. मी इंजिनिअरिंगला असताना मेस कमिटीत होतो, त्यामुळे ही गोष्ट स्वयंपाकघराच्या बाजूने पाहिलेली आहे.

राजमा, छोले आदल्या रात्री भिजत पडतात. मटकीला मोड यायचे तर ती त्याच्याही आधी भिजवावी लागते. भात जेवणाच्या थोडा आधी लागतो आणि पोळ्या तर पोरं जेवत असतानाच लाटल्या जातात. म्हणजे सकाळी अकराला पन्नास जणांनी 'आज नाही' कळवलं, तर भात कमी लावता येतो, उसळ मात्र होऊन गेलेली असते. तेव्हा आधी आचारीकाकांपाशी बसून कोणता पदार्थ कधी हातात घेतात ते लिहून घ्या आणि त्यावरून कळवायची मुदत ठरवा. आमच्याकडे दुसऱ्या दिवसासाठी रात्री नऊची वेळ जमली, कारण राजमा-छोले त्यानंतरच भिजत घालायचे.

'येणार' हे कुणाला विचारूच नका. जो काही कळवणार नाही तो जेवायला आहे असंच धरा. फक्त 'नाही' म्हणायला एक बटण आणि शेजारी दुसरं 'उपवास'. हे दुसरं बटण बाहेरून आणलेल्या तयार अ‍ॅपमध्ये सहसा सापडणार नाही, पण आपल्याकडे त्याची फार गरज आहे. आषाढी, महाशिवरात्र, अंगारकी, श्रावणी सोमवार, या दिवशी पोळी-भाजीची ताटं एकदम कमी होतात आणि साबुदाण्याची खिचडी मागणारे वाढतात. आचारी भिंतीवरचं कालनिर्णय पाहून अंदाज बांधतात, तो बऱ्यापैकी बरोबरही येतो. पण साबुदाणा किती भिजवायचा, हे आकड्यावरूनच ठरवलेलं बरं. शुक्रवारी रात्री गावी जाणाऱ्यांचंही तेच.

आता पैशाचं. बहुतेक ठिकाणी अ‍ॅप इथे बंद पडतं. महिन्याचं मेस बिल ठरलेलं असेल, तर पोरगं बटण कशाला दाबेल? आणि न जेवलेल्या ताटाचे पूर्ण पैसे परत दिले तर ठेकेदार तोट्यात, कारण त्याचा गॅस आणि माणसांचा पगार तेवढाच राहतो. मधला मार्ग म्हणजे फक्त किराणा-भाजीचा खर्च परत द्यायचा. ताटामागे तो किती येतो, हे ठेकेदार, कमिटी आणि वॉर्डन यांनी मिळून सत्राच्या सुरुवातीलाच लिहून ठेवावं. शिवाय 'नाही' सांगून ऐनवेळी आलेल्याला कधीही परत पाठवू नका, त्या दिवसाची सूट तेवढी रद्द करा. सुरुवातीला काही ताटं जास्तीची धरली की ठेकेदारालाही धीर येतो.

अ‍ॅपने न सुटणारा भाग म्हणजे ताटात टाकलेलं अन्न. त्यासाठी तीन बादल्या ठेवा: पातेल्यात उरलेलं, ताटातलं उष्टं आणि सालं-देठं. रोज वजन करा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं २८ टक्के हॉटेलं, कँटीन अशा ठिकाणचं. वॉर्डनपुढे हा आकडा जरूर मांडा, पण त्यांना पटेल ते तुमच्याच बादलीचं वजन. उष्ट्याची बादली जड निघाली तर भातवाढणी लहान करा, वाढणाऱ्याला 'अर्धी वाटी देऊ का' विचारायला सांगा. कोणत्या भाजीला ती हमखास भरते हेही कळेल. मग ती भाजी बदला किंवा करायची पद्धत बदला, पोरांना बोल लावून उपयोग नाही.

कोपनहेगनमध्ये सुरू झालेल्या 'टू गुड टू गो'सारखं उरलेलं स्वस्तात विकणारं अ‍ॅप करावं, असं कुणी सुचवेल. बेकरीला ते छान, पण मेसमध्ये खाणाऱ्याने पैसे आधीच भरलेले असतात. त्यापेक्षा पातेल्यात उरलेलं, कुणाच्या ताटात न गेलेलं अन्न गरम असतानाच उरलेलं अन्न गरजूंना वाटणाऱ्या रॉबिन हूड आर्मीसारख्या संस्थेच्या स्थानिक स्वयंसेवकांना देता येतं का पाहा. त्यांच्याशी आधी बोलून वेळ ठरवा. भात तासन्तास बाहेर राहिला तर पुन्हा गरम करूनही धोका जात नाही, म्हणून रात्री उशिरा फोनाफोनी करणं योग्य नाही.

लगेच अ‍ॅप लिहायला बसू नका. एक महिना गूगल फॉर्मवर चालवा, रात्रीचा आकडा आचाऱ्याच्या फोनवर मराठीत किंवा हिंदीत एका ओळीत पाठवा. चाललं तर मग अ‍ॅप बनवा, पण ते सेकंड इयरच्या मुलांच्या हाती द्या. फायनल इयरवाल्याने बनवलं तर तो पास होऊन गेल्यावर पुढच्या कमिटीला त्याचा पासवर्डसुद्धा मिळत नाही.