चाळीस कुंड्या, पण झाड एकच

शिंदळ माकुडीच्या, म्हणजे फ्रेरिया इंडिका या दुर्मीळ मांसल वनस्पतीच्या, एका विकतच्या रोपापासून आपण चाळीस रोपे केलीत, त्यांना फुले येतात पण शेंग धरत नाही, आणि येत्या पावसाळ्यात ती शिवनेरीच्या कड्यावर लावण्याचा आपला बेत आहे, हे वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. फांदीचे छाट रुजवणे आपल्याला जमलेच आहे, त्याविषयी काही सांगत नाही.

ही चाळीस रोपे जनुकीयदृष्ट्या एकच झाड आहेत. रुईच्या या गटातील पुष्कळ वनस्पतींत स्वतःचे पराग स्वतःला चालत नाहीत. शिवाय ते सुट्या पुडीसारखे नसून घट्ट पुंजक्यांत असतात आणि माश्यांनीच वाहून न्यावे लागतात. मी जनुकशास्त्रज्ञ नाही, तरी शेंग न धरण्याबाबत माझा पहिला संशय यावरच आहे.

शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर या जातीचे लहान लहान समूह एकमेकांपासून तुटून उरले आहेत, म्हणून रोप कोणत्या कड्याचे, ही नोंद रोपाइतकीच मोलाची आहे. हे एका कार्यालयाला आम्ही शेवटपर्यंत पटवू शकलो नाही. आम्ही कड्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावून दिलेले छाट त्यांनी एकाच वाफ्यात लावले. नोंदवहीत ‘जात’, ‘संख्या’, ‘जिवंत’ एवढेच रकाने होते आणि चिठ्ठ्या पहिल्या पावसात धुऊन गेल्या. पुढे त्यांतील एका कड्याचा भाग दरडीबरोबर खाली आला. तिथल्या झाडांचे वंशज त्या वाफ्यात आजही असतील, पण कोणते, हे ओळखता येत नाही. डीएनए तपासणी सुचवली, तर ‘तशी तरतूद नाही’ असे उत्तर आले, आणि अहवालात मात्र शंभर टक्के रोपे जगल्याची नोंद झाली!

तेव्हापासून मी शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून, रिकाम्या बॉलपेनने दाबून त्यावर नाव लिहितो. शाई उडते, पण पत्र्यावरचा ठसा राहतो.

माझे मत, पटले तर घ्यावे: ही रोपे कड्यावर लावू नयेत. वनविभाग आणि पुरातत्त्व खात्याची परवानगी हा भाग वेगळाच. परंतु मूळ समूह मोजक्याच झाडांचा असेल, तर तेथे एकाच झाडाच्या चाळीस प्रती शिरणे मला धोक्याचे वाटते. खुरटलेल्या समूहाला बाहेरचे रक्त हवेच, असे मानणारे अभ्यासक आहेत आणि काही ठिकाणी त्यांचे म्हणणे खरेही ठरते, मात्र तो निर्णय मूळ ठाऊक असलेल्या रोपांवर घ्यायचा असतो. आधी रोपवाटिकेत मूळ रोप कोणत्या कड्यावरून आणले ते विचारा. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास रोपे अंगणात, शाळेत, मित्रांकडे खुशाल वाढू द्या. निदान कड्यावरची झाडे ओरबाडून विकण्याचे कारण तेवढे कमी होईल.