गणपतीला घरी जाऊ का, असं तू विचारलंस

प्रिय मुला,
अनेक आशीर्वाद.

सगळ्यात आधी हे लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना मनात शंका राहणार नाही. लहानपणी घरातल्याच माणसाने तुझ्यावर लैंगिक अत्याचार केला, हे तू मेसेजमध्ये जे सांगितलंस त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे आणि त्यात तुझी काडीचीही चूक नाही. तू नऊ वर्षांचा होतास. तो मोठा माणूस होता, घरातला होता आणि आपण काय करतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मेसेज पाठवल्यावर लगेच डिलीट करावासा वाटला, असं तू लिहिलंयस. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं पहिल्यांदा बाहेर काढल्यावर तसं वाटतंच. तुझ्या परवानगीशिवाय ते माझ्याकडून कुणाच्याही कानावर जाणार नाही. एकच अपवाद आहे, त्याबद्दल पुढे लिहिते.

‘मी ओरडलो का नाही’ हा प्रश्न तू तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारलायस, म्हणजे तो किती खोल रुतलाय ते कळतं. जिवावर बेतलं की मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग, अमिग्डला, विचार करणाऱ्या भागाच्या आधी ताबा घेतो. मग माणूस प्रतिकार करतो, पळतो, नाहीतर गोठतो. नऊ वर्षांच्या पोराला घरातल्याच मोठ्या माणसाशी भांडताही येत नाही आणि पळून जायलाही जागा नसते. उरतं ते गोठणं. तू छताच्या पंख्याकडे बघत राहिलास आणि आपण तिथे नाहीच असं तुला वाटत राहिलं, ते त्यातलंच. त्या वेळी तुझ्या मेंदूने तुला तसं वाचवलं. आणि शरीराने काही प्रतिसाद दिला असेल, तर त्याचीही लाज बाळगू नकोस. शरीराला स्पर्श तेवढा कळतो. त्याला संमती म्हणत नाहीत.

‘मुलग्यांच्या बाबतीत असं होतं हे कुणाला पटेल?’ असंही तू म्हणतोस. २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांत पाहणी केली होती. त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि त्या मुलांमध्ये निम्म्याहून किंचित जास्त मुलगे होते. अत्याचार करणाऱ्यांत ओळखीचे, विश्वासातले लोक मोठ्या संख्येने होते. आपल्याकडे मुलीला निदान ‘जपून राहा’ म्हणतात, मुलग्याला तेवढंही कुणी म्हणत नाही. वर ‘पोरासारखा पोर, रडतोस काय’ हे असतंच. तुला सांगायला इतकी वर्षं लागली त्याचं कारण तिथे आहे. तुझ्या भित्रेपणाशी त्याचा काही संबंध नाही.

आता गणपतीचं. माझं स्पष्ट मत विचारशील तर या वर्षी जाऊ नकोस. जिथे तो आरतीचं ताट घेऊन उभा असेल आणि तुला वाकून नमस्कार करायला सांगितलं जाईल, तिथे जाण्याची सक्ती तुझ्यावर कुणाचीही नाही, अगदी आईचीसुद्धा नाही. आईला एवढंच सांग: “तो असेल तिथे मी येणार नाही. कारण सांगायची तयारी झाली की मी स्वतः सांगेन.” ती रडेल, चिडेल, ‘वर्षातून एकदा तर येतोस’ म्हणेल. तरी वाक्य बदलू नकोस आणि त्याला खोट्या कारणांची जोडही देऊ नकोस. ऑफिसची शिफ्ट आहे म्हणालास, तर पुढच्या वर्षी आणखी एक शिफ्ट शोधावी लागेल.

तुझ्या मेसेजमधली खरी आशा मला कळली. सगळे जमलेले असताना आपण बोलू, तो मान खाली घालेल, आई आपल्याला जवळ घेईल आणि मग आपण बरे होऊ, असं तुला वाटतंय. असं घडलं तर मला आनंदच होईल. पण तुझं बरं होणं त्या एका संध्याकाळवर टांगून ठेवू नकोस. त्याला कबूल करण्यात काहीच फायदा नाही, आणि घरच्यांना एका फटक्यात भाऊ, दीर, आपला स्वतःचा भूतकाळ असं सगळंच नव्याने बघावं लागणार आहे. पहिल्या झटक्यात बरीच घरं ‘आता कशाला उकरून काढतोस’, ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ अशीच बोलतात. ते ऐकून नऊ वर्षांचा तू पुन्हा एकटा पडू नयेस, याची मला जास्त काळजी आहे. आधी तुझ्या बाजूने दोन-तीन पक्की माणसं उभी कर, उपचार सुरू कर. मग बोलायचं की नाही, कुणाशी, किती, हे तू ठरव.

माफीबद्दलही सांगते, कारण कुणीतरी उपदेश करणारच. माफ केल्याशिवाय मन शांत होत नाही, हे मला पटत नाही. राग गिळून बसलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांना शांती मिळालेली नाही. तुला कधी आतून माफ करावंसं वाटलं तर कर. कधीच वाटलं नाही तरी तू पूर्ण बरा होऊ शकतोस.

त्या अपवादाबद्दल. तू सहज लिहून गेलास की ताईच्या सहा वर्षांच्या लेकीला तो स्कूटरवरून फिरवायला नेतो. ते वाक्य वाचून मी थांबले. बाकी सगळं तुझ्या वेगाने होऊ दे, एवढी एक गोष्ट गणपतीपर्यंत थांबवू नकोस. ताईला कळायला हवं. सगळा तपशील सांगायची गरज नाही. “लहानपणी त्याने माझ्याशी वाईट वर्तन केलं होतं, पोरीला त्याच्यासोबत एक मिनिटही एकटं सोडू नकोस,” एवढं पुरे. पोरीशी काही घडलंय अशी शंका आली, तर १०९८ हा बालकांसाठीचा हेल्पलाइन नंबर चोवीस तास चालू असतो. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार, अशी शंका आलेल्या कुणीही पोलिसांना कळवायचं असतं, आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

तुझ्या स्वतःच्या तक्रारीचं थोडक्यात लिहिते. पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. तुझ्या बाबतीत घडलं ते २००८ च्या सुमाराचं, त्यामुळे तिथे त्या वेळचा दंड विधानाचा कायदा बघावा लागेल. ज्या गुन्ह्यांना तीन वर्षांहून अधिक शिक्षा आहे त्यांना तक्रारीच्या मुदतीचं बंधन नसतं, म्हणून ‘आता उशीर झाला’ असं धरून चालू नकोस. चांगल्या फौजदारी वकिलाला भेट. तक्रार करणं हा तुझा हक्क आहे, पण बरं होण्यासाठीची अट म्हणून ती स्वतःवर लादू नकोस.

उपचारांचं मात्र सविस्तर लिहिते, कारण तिथेच तू अडून बसलायस. ‘ठाण्याला पाठवायला हवं’ हे वाक्य आपण सगळे ऐकत मोठे झालो. १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे आणि तेव्हापासून बिचाऱ्या शहराच्या नावाचीच शिवी झाली. पण याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्थाही आहे. मराठी घरांतली साधी माणसं, शाळकरी पोरांपासून आजी-आजोबांपर्यंत, तिथे जातात आणि मराठीत बोलतात. ऐरोलीहून ट्रेनने तुला ते काही लांब नाही. तिथे जायचं नसेल तर दुसरीकडे जा, पण जा.

पहिल्या भेटीत समोरच्याला चार प्रश्न विचारायला संकोच करू नकोस: बालपणीच्या लैंगिक अत्याचारातून आलेल्या प्रौढांसोबत तुम्ही काम केलंय का, आमच्यातलं बोलणं कुठवर गुप्त राहतं, नोंदी कोण बघतं, मी थांबा म्हटलं तर थांबाल का. पहिल्याच दिवशी ‘सगळं सांग’ म्हणून मागे लागणारा माणूस असेल तर दुसरा बघ. संमोहन करून विसरलेलं सगळं बाहेर काढतो म्हणणाऱ्यापासून तर लांबच राहा. अशा पद्धतीने काढलेल्या आठवणींवर भरवसा ठेवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये मानसिक आघाताच्या परिणामांसाठी दोन उपचारांची शिफारस केली: आघातावर केंद्रित सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर बोलून काम करणारी थेरपी, आणि ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींची मदत घेत त्रासदायक आठवणींवर काम करणारी थेरपी. यातलं काय येतं हेही विचार. झोप अगदीच लागत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञ गोळी देतील, ती घेण्यात कमीपणा नाही.

ज्युडिथ हर्मन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्ये बरं होण्याचा एक क्रम मांडला: आधी सुरक्षितता, मग आठवणी आणि शोक, मग पुन्हा माणसांशी जोडून घेणं. मला त्यातला शोक फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपण नेमका तोच गाळतो. तुझं काय काय गेलं ते एकदा बघ. तबल्याचा क्लास गेला, कारण तिथे सोडायला तोच यायचा. सुट्टीत आजीकडे राहणं गेलं. आईच्या कुशीत बिनधास्त झोपणं गेलं. या सगळ्यासाठी तू कधी रडलाच नाहीस, दहावीत मार्क आणलेस, इंजिनिअर झालास आणि सगळ्यांना वाटलं पोरगं शांत आहे. रडू येईल तेव्हा येऊ दे. काही सेशननंतर तापातून उठल्यासारखा थकवा येईल, त्या संध्याकाळी काही काम ठेवू नकोस.

लोकलमधलं तू लिहिलंस ते वाचून वाईट वाटलं. गर्दीत मागून कुणी रेटलं, तंबाखूचा वास आला आणि तू श्वास कोंडल्यासारखा होऊन दिघा गाव स्टेशनला उतरलास. उतरलास ते बरोबरच केलंस. पुढच्या वेळी तिथे बाकावर बस, दोन्ही पाय फलाटावर घट्ट टेकव, स्टेशनच्या नावाची पाटी वाच, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मनात घे. श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लाव. आज वार कोणता, मी किती वर्षांचा, मी कुठे आहे, हे पुटपुट. वासाने शरीर क्षणात २००८ मध्ये जातं, त्याला परत आणायला असं काहीतरी हाती लागतं. पुढची ट्रेन येऊ दे, सोड, त्याच्या पुढची घे.

पोटाचं दुखणंही तू असंच लिहिलंस. एंडोस्कोपी नॉर्मल आली म्हणून डॉक्टर ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणाले. १९९८ मध्ये अमेरिकेत फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी हजारो प्रौढांची पाहणी केली, तेव्हा बालपणीच्या अत्याचारांचा आणि मोठेपणीच्या शारीरिक आजारांचा जवळचा संबंध दिसला. पोटाचे उपचार चालूच ठेव, फक्त दुखणं मनाचं ‘नाटक’ आहे असं स्वतःला बोलू नकोस.

आणि ते शेवटचं वाक्य, जे तू घाईत टाकलंस: ‘मीही त्याच्यासारखा होईन का?’ अत्याचार सोसलेली बहुसंख्य माणसं आयुष्यात कधीही कुणावर अत्याचार करत नाहीत. ज्या मुलाला भाचीला कडेवर घेतानाही आपला हात कुठे आहे याची धास्ती वाटते, त्याला दुसऱ्याच्या सुरक्षिततेची किती चाड आहे ते मला दिसतं. ही भीती थेरपिस्टला पहिल्या महिन्यातच सांग, एकट्याने वाहू नकोस. तुझ्या मैत्रिणीलाही कधीतरी सांगशील. आत्ता तिला एवढंच पुरे की अचानक मागून हात लावला तर तू दचकतोस.

एक प्रश्न सरळ विचारते. स्वतःला संपवावं असा विचार येतो का? येत असेल तर मला कोणत्याही वेळी फोन कर. मी उचलला नाही तर १४४१६ वर कर. ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, रात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं. मला या प्रश्नाचं उत्तर आजच हवंय, एका शब्दात चालेल.

शनिवारी मी दिवसभर मोकळी आहे. पहिल्या अपॉइंटमेंटला सोबत हवी असेल तर येते, बाहेर बसेन. पण त्याआधी, उद्या नाहीतर परवा, ताईला फोन करायचाय. एकट्याने होत नसेल तर संध्याकाळी घरी ये, माझ्या शेजारी बसून कर.

तुझ्या,
बाई